विसूभाऊंचे उतारू

विसूभाऊ पहिल्यांदा माझ्याकडे आले ते लोणच्याच्या बरणीत इंजिनाचं तेल घेऊन. मी तेव्हा बनारसला रेल्वेच्या इंजिन कारखान्यात वंगणतेलं तपासायचं काम करत होते. मूळची नाशिककडची, नोकरीने गंगेकाठी आणून टाकलेली, आणि राहायला जागा मिळाली ती दुर्गाघाटावर एका मराठी कुटुंबाच्या माडीवर. ही बाई तेल बघून इंजिनाचं दुखणं सांगते, अशी माझी ख्याती गल्लीत पसरली होती. नाडीपरीक्षा करणाऱ्या वैद्यासारखा मान मला फुकटात मिळत होता आणि मीही तो नाकारत नव्हते.

बरणी जोत्यावर ठेवून विसूभाऊ म्हणाले, "बाई, माझ्या गाडीला काय झालंय ते सांगा. मिस्त्री म्हणतो, काहीच खराबी नाही. पण गाडी भारी झालीय."

भारी म्हणजे जड. चार पिढ्या काशीत काढलेल्या घरातली त्यांची मराठी, निम्मी हिंदीत बुडवून काढलेली. उंच, जरासे वाकलेले, कपाळाला भस्म, खाली धोतर आणि वर ड्रायव्हरचा खाकी शर्ट असं त्यांचं ध्यान होतं. पायांत कॅनव्हासचे बूट असत, पण गाडीत बसले की उजव्या पायातला काढून ठेवत. अ‍ॅक्सिलरेटरवर अनवाणी पाय ठेवल्याशिवाय गाडी काय म्हणते ते कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यांचे भाऊ पंचगंगा घाटावर यात्रेकरूंची श्राद्धं, पिंडदानं करत. विसूभाऊंनी भिक्षुकी सोडून मोटार धरली होती. कुणी छेडलं तर म्हणत, "मंत्राने माणूस पार झाला की नाही ते दिसत नाही. मोटारीने दिसतं."

आणि त्यांचा धंदा खरोखरच माणसं पार करण्याचा होता. काशीत मरण आलं तर मोक्ष, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण गंगेच्या पलीकडच्या काठावर मेलात तर पुढचा जन्म गाढवाचा, हे काशीला गेल्यावर कळतं. आता लांबून येणाऱ्या आगगाड्या बहुतेक मुगलसरायला थांबत, आणि मुगलसराय नेमकं पलीकडे. नागपूर-अकोल्याकडची माणसं आपल्या शेवटच्या घटका मोजणाऱ्या म्हाताऱ्यांना घेऊन तिथे उतरत. विसूभाऊ त्यांना गाडीत घालत, पडावच्या चौकातून राजघाटच्या पुलावर चढत आणि श्वास चालू असताना काशीत आणून सोडत. लोक चेष्टेने त्यांना 'मोटारवाले पंडितजी' म्हणत, पण घरी कुणी आजारी पडलं की चेष्टा बंद होई.

हा धंदा त्यांनी मुद्दाम काढलेला नव्हता. गाडी घेतली ती आक्कासाठी. आक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. आई लवकर गेल्यावर तिनेच या भावाला वाढवलं, आणि मग लग्न होऊन ती गेली रामनगरला, म्हणजे गंगेच्या त्या गाढवाच्या काठावर. नवरा गेला, मूलबाळ नव्हतं, तरी ती घर सोडायला तयार नव्हती. "जिवंतपणी सामान बांधून मरायला निघू का?" असं विचारायची. वेळ आली की विसूने न्यावं, एवढंच तिचं म्हणणं. विसूभाऊंनी तिला शब्द दिला होता आणि त्या एका शब्दावर त्यांचा सगळा जन्म टांगलेला होता. तिला श्वास असताना पूल ओलांडून आणायचं, बाकी आयुष्यात काही झालं नाही तरी चालेल, असं ते अगदी साध्या आवाजात सांगत.

मी आक्काला एकदाच आधी भेटले होते. वाळलेल्या काडीएवढी बाई, पण जीभ तिखट. मला म्हणाली, "मला न्यायला म्हणून मोटार घेतली या विसूने, आणि आधी सगळ्या गावाला नेऊन आला. माझ्यासाठी जागा उरली म्हणजे मिळवली." आम्ही तिघंही हसलो होतो.

तर बरणीतलं तेल. मी ते कारखान्यात नेऊन तपासलं. धातूचा कण नाही, पाणी नाही, काही नाही. इंजिन ठणठणीत होतं. मी त्यांना सांगितलं, गाडी म्हातारी झाली, कार्बोरेटर साफ करून घ्या. त्यांनी साफ करून घेतला, मग बदलला, आणि शेवटी गाडीच काढून टाकून नवी छोटी गाडी घेतली. त्या सुमारास कार्बोरेटर नसलेल्या गाड्या नुकत्याच निघाल्या होत्या. पेट्रोल किती सोडायचं, ठिणगी कधी टाकायची हे ठरवायला त्यात एक बंद डबा असे, लोक त्याला कॉम्प्युटर म्हणत. विसूभाऊंनी गाडीला हार घातला, डब्यालाही कुंकू लावलं आणि मला फेरी मारून आणलं. गाडी पिसासारखी हलकी चालत होती. वर्ष झालं नसेल, तर एक दिवस घाटाच्या पायऱ्यांवर मला गाठून म्हणाले, "बाई, ही पण भारी झाली."

मी वैतागले. माणसाला एकदा वहम जडला की नव्या कोऱ्या गाडीतही तो जाऊन बसतो, असं मी त्यांना तोंडावर म्हटलं. त्यांनी मान हलवली. वाद घालणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

मग दिवाळीची रजा संपवून मी परत येत असताना मुगलसरायच्या स्टेशनाबाहेर विसूभाऊ भेटले. वर्ध्याकडचे एक वृद्ध गृहस्थ आणि त्यांचा मुलगा मागे बसले होते. मला त्यांनी पुढे बसवून घेतलं. भर दुपार होती. म्हातारबुवांचा श्वास मागून घरघर ऐकू येत होता, आणि मुलगा सारखा विचारत होता, "किती राहिलं?" पडावच्या जरा अलीकडे मला वाटलं, गाडीने कच खाल्ली. विसूभाऊंनी गिअर खाली टाकला. अनवाणी पाय अ‍ॅक्सिलरेटरवर हलकेच दाबून बघितला, सोडला, परत दाबला. मग मागे न बघता मोठ्याने म्हणाले, "आहेत हं. आहेत अजून. बाबा, बसून रहा नीट, पूल आलाच."

मागची घरघर थांबली होती. मला ते कळलं. मुलगा मात्र वडिलांचा हात धरून "बाबा, पूल आला" असं सांगत राहिला. पूल संपला, राजघाटचा उतार लागला, तेव्हा विसूभाऊंनी गाडी कडेला घेतली आणि म्हणाले, "आत्ता सुटले बघा. काशीत आले आणि सुटले. भाग्यवान." मुलगा रडला, पण त्या रडण्यात समाधान होतं.

गल्ल्यांत गाडी जात नाही. मैदागिनच्या चौकात प्रेत उतरवून मणिकर्णिकेच्या स्मशानघाटाकडे नेलं. बघायचं नव्हतं तरी मी गाडीच्या मागच्या चाकाकडे बघितलं. ओझं उतरलं की स्प्रिंग वर येते, चाक आणि पत्रा यांत फट वाढते. हे समजायला इंजिनिअर असावं लागत नाही. दोन माणसं गाडीतून उतरली होती. फट तेवढीच राहिली. तिथे कुणी नव्हतं, सीट रिकामी होती, आणि गाडी भरलेल्या गाडीसारखी बसली होती. स्प्रिंगा मेल्या असतील, असं मी स्वतःला सांगितलं. वर्षभराच्या गाडीच्या स्प्रिंगा मरत नाहीत, हे मला ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना विचारलं. ते लपवायला बघत नव्हते. "पूल यायच्या आधीच प्राण गेला हे मुलाला कसं सांगू? इतक्या लांबून बापाला आणलं आणि जरासाठी हुकलं, हे ऐकून तो जन्मभर जळेल. म्हणून मी म्हणतो, आहेत. पूल झाला की म्हणतो, गेले. कुणाचं काय बिघडतं?" मग म्हणाले, "पण मला आता असं वाटतं बाई, की ते मुलाने ऐकलं तसं त्यांनी पण ऐकलं. त्यांना वाटतं, आपण आहोत. मग ते उतरतील कशाला? पोचलो की सांगेल कुणीतरी, म्हणून बसून राहतात. जुनी गाडी विकली तेव्हा तीतून ह्या गाडीत आले. ड्रायव्हर जिथे, तिथे सवारी."

मी हसून टाळलं. हसू काही नीट आलं नाही.

चिपची गोष्ट निघाली ती त्यानंतर. त्यांचा पुतण्या दिल्लीला होता. त्याने कळवलं की त्या कॉम्प्युटरच्या डब्यात एक चिप असते, ती बदलली की गाडीचा जोर वाढतो, आणि दिल्लीत शौकीन पोरं तसं करून घेतायत. विसूभाऊ माझ्याकडे सल्ला घ्यायला आले. या विषयावर बोलायला मिळाल्याचा मला आनंदच झाला, कारण हा निदान माझ्या समजुतीतला विषय होता. मी सांगितलं, मोठ्या इंजिनाला त्याचा उपयोग होतो. ही किफायतीची गाडी. कारखान्याने तिच्यातून निघेल तेवढं आधीच पिळून घेतलंय. चिप काय करणार, ठिणगी जरा लवकर टाकणार, पेट्रोल जरा जास्त ओतणार. इथल्या पेट्रोलात रॉकेल मिसळलेलं असतं, त्यावर इंजिन खडखडेल, तापेल, मायलेज जाईल. फायदा चमचाभर आणि तोटा वाटीभर.

"मायलेज मला नको," विसूभाऊ म्हणाले. "मला पुलाचा चढ हवा. त्या डब्याला वाटतं, गाडीत दोनच माणसं बसलीत. तेवढाच जोर देतो. त्याला कुणी सांगायला नको, किती बसलीत ते?"

मी म्हटलं, "छोट्या गाडीचा जोर वाढवायचा एकच शहाणा उपाय आहे, विसूभाऊ. तिच्यातलं वजन कमी करा."

त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं, की मी काहीतरी निर्दय बोलून गेले असं मला वाटलं. "उतरवू कुठे?" ते हळूच म्हणाले. "तसंच कसं उतरवू?"

चिप आली आणि बसली. सिगरा मोहल्ल्यातल्या शकील मिस्त्रीने ती बसवताना सांगितलंही, "पंडितजी, बकरी है, बकरी रहने दीजिए. हाथी मत बनाइए." पहिले काही दिवस बकरी खरंच उधळली. विसूभाऊ मला सारनाथच्या रस्त्यावर घेऊन गेले, आणि ट्रकला मागे टाकताना त्यांच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदा लहान मुलाचा आनंद बघितला. "बघा बाई, आक्का पुलावर कशी उडत येईल." मला माझं शास्त्र चुकल्याचं जरा वाईट वाटलं आणि त्यांच्यासाठी बरंही वाटलं. मग मुगलसरायच्या फेऱ्या सुरू झाल्या. पावसाळा लागेपर्यंत गाडी परत भारी झाली, आणि आता खडखडायलाही लागली. पेट्रोल पाण्यासारखं पिऊ लागली. शकीलने चिप काढायचा सल्ला दिला तर म्हणाले, "आक्कापुरती राहू दे."

भाद्रपदात निरोप आला. गंगा पायऱ्या गिळून वर चढली होती, नावा बंद होत्या, आणि हिवाळ्यात रामनगरला असतो तो पिप्यांवर तरंगणारा पूल पावसाळ्यापुरता काढलेला. आक्काला आणायचा रस्ता एकच उरला होता, पडाववरून राजघाटच्या पुलाचा. विसूभाऊ जिना चढून माझ्या दाराशी आले. "बाई, चला. मागे बाईमाणूस हवं." सुट्टीचा दिवस होता. मी चप्पल घातली आणि निघाले.

आक्काला मी मांडीवर घेतलं. तिचं वजन काही नव्हतं. श्वास येत होता, थांबत होता, परत येत होता. रामनगर सुटताना तिने डोळे उघडून घराच्या दिशेला बघितलं आणि मिटले. विसूभाऊंचा अनवाणी पाय पुढे दिसत होता, त्याची बोटं आवळलेली. पडावपर्यंत गाडी कशीबशी आली आणि पुलाच्या चढावर ट्रकांच्या रांगेमागे अडकली. रांग हलली की आम्ही हलायचो. इंजिनात खडे टाकल्यासारखा आवाज येत होता आणि तापमानाचा काटा लाल पट्टीत गेला होता. मग पुढचा ट्रक निघाला, वाट मोकळी झाली, आणि आमची गाडी निघेना. पहिल्या गिअरमध्ये, पाय पूर्ण दाबून, ती जागच्या जागी ओरडत राहिली आणि हळूहळू मागे घसरायला लागली. त्यांनी ब्रेक ओढला.

तेवढ्यात आक्का बोलली. डोळे मिटलेलेच होते. "विसू, किती दाटी झालीय रे गाडीत. जरा सरकायला सांग त्यांना."

मागच्या सीटवर आम्ही दोघीच होतो.

विसूभाऊंनी इंजिन बंद केलं. खाली उतरले, आणि गाडीची चारही दारं एकेक करून उघडली. मागच्या गाड्या भोंगे वाजवत होत्या, कुणी शिव्या देत होतं. ते चिखलात उभे राहिले, एका पायात बूट, एक पाय उघडा, आणि त्यांनी गाडीकडे तोंड करून हात जोडले.

"मी खोटं बोललो," ते म्हणाले. आवाज मोठा नव्हता, पण मला शब्दन् शब्द ऐकू आला. "तुम्ही नाही आहात. तुम्ही गेलात. पूल यायच्या आधी गेलात, आणि मी सांगितलं नाही. मुलांकडे बघून सांगितलं नाही. माझी चूक. आता उतरा. इथे उतरवू नये तुम्हाला, मला ठाऊक आहे. पण ही माझी आक्का आहे, हिला जाऊ द्या. मी परत येतो. तुमच्यासाठी परत येतो, चालत नेतो एकेकाला. इथेच थांबा. मला सोडून कुठे जाऊ नका."

वारा नव्हता. आधी काही झालं नाही. मग माझ्या खालची सीट जरा वर आली. थांबली, परत वर आली. माणूस उतरताना गाडी जशी हलते तशी ती हलत होती, कधी या बाजूने, कधी त्या बाजूने, सावकाश, म्हातारी माणसं उतरतात तशी. मी आक्काला घट्ट धरून बसले. भीती वाटली असं म्हणणं कमी आहे. उघड्या दाराकडे बघायची माझी हिंमत झाली नाही. विसूभाऊ मात्र प्रत्येक दारापाशी थांबत होते, वाट बघत होते, आणि मग दार लावत होते. शेवटच्या दारापाशी ते जरा वाकले. कुणाला हात दिला, मला सांगता येणार नाही.

गाडी पहिल्याच चावीला सुरू झाली आणि चढ चढून गेली. पुलाच्या खालच्या मजल्यावरून रेल्वे जात होती, सगळा पूल थरथरत होता, आणि खाली मातकट पाणी काठांना फुगलं होतं. "आलं का?" आक्काने विचारलं. "आलं, आक्का," विसूभाऊ म्हणाले. राजघाटचा उतार संपून काशीची दुकानं सुरू झाली, आणि मैदागिनच्या वाटेवर माझ्या मांडीवर तिने श्वास सोडला, तो परत घेतला नाही. विसूभाऊंनी गाडी कडेला घेतली. "गेली," म्हणाले. मी मान हलवली. या वेळी ती माझ्याच मांडीवर होती, म्हणून ते खरं आहे हे मला ठाऊक होतं. मग ते स्टिअरिंगवर डोकं ठेवून खूप वेळ रडले.

इंजिन त्या दिवशी गेलं ते गेलंच. शकीलने उघडून मला दाखवलं, आतून जळालं होतं. छोट्या गाडीला चिप बसवावी का, असं मला पुढे कारखान्यातल्या तरुण पोरांनी बऱ्याचदा विचारलं. मी नको म्हणायचे आणि रॉकेलमिश्रित पेट्रोलाचं कारण द्यायचे. कारण खोटं नाही.

आक्काचे दिवस झाले आणि विसूभाऊ घरी दिसेनासे झाले. भावांनी बोलणं टाकलं. घाटावर म्हणू लागले, बहिणीच्या दुःखाने डोकं फिरलं. माझी बदलीची ऑर्डर आली त्या वर्षाच्या शेवटी. सामान आधी पाठवून मी एका दुपारी ऑटोरिक्षाने मुगलसरायला निघाले. पुलाच्या मध्यावर मला ते दिसले.

पडावकडून काशीकडे येत होते. दोन्ही पाय अनवाणी. दोन पावलं चालायचे, थांबायचे, वळून मागे बघायचे, आणि कुणी दमून खाली टेकलेलं असावं तशी मान लववून वाट बघायचे. उजवा हात मागे लांब केलेला होता, बोटं कशाभोवती तरी मिटलेली. ओठ हलत होते. मी रिक्षातून वाकून हाक मारली. त्यांनी बघितलं, ओळखलं, आणि डाव्या हाताने मला जरा थांबायची खूण केली. चेहरा दमलेला होता, पण शांत होता.

"रोज आते हैं," रिक्षावाला म्हणाला. त्याने रिक्षा पार दुसऱ्या कडेला नेली, एका माणसाला लागते त्याहून बरीच जास्त जागा सोडली, आणि सगळे पुढे जाईपर्यंत इंजिन बंद करून थांबला.